विहारयात्रा

शनिवारी दहाच्या आत उठायचं नाही हा आमच्या ग्रुपचा एकमेव धर्म. तो बुडवून जानेवारीतल्या एका शनिवारी सकाळी साडेसहाला आम्ही तिघं नालासोपारा पश्चिमेला, स्टेशनबाहेरच्या चहाच्या टपरीपाशी सायकली टेकवून उभे होतो. चक्क थंडी होती. (नालासोपाऱ्यात थंडी वर्षातून साधारण चार दिवस असते. त्यातला एक आम्हाला मिळाला.)

आम्ही म्हणजे एक मी, दुसरा टेस्टर आणि तिसरी डीबीए. नावं देत नाही, दोघांनाही सोमवारी ऑफिसात तोंड दाखवायचंय. टेस्टरची सायकल एकवीस गिअरची. लॉकडाऊनमध्ये उत्साहाने घेतलेली आणि तेव्हापासून बाल्कनीत टॉवेल वाळत घालायला वापरलेली. डीबीएची भावाकडून मागून आणलेली. माझी साधी, बिनगिअरची, कॉलेजपासूनची. चौथा मित्र भुईगावचा. तो आम्हाला त्याच्या घरीच भेटणार होता, कारण त्याच्या म्हणण्याप्रमाणे ‘आमच्याकडे यायला तुम्हाला सायकल लागते, मला नाही’. त्याला आपण भुईगावकर म्हणू.

प्लॅन अगदी आळशी होता. सोपाऱ्याचा स्तूप बघायचा, मग वाघोली-निर्मळच्या बाजूने रमतगमत वाड्या बघत भुईगावला जायचं, भुईगावकराच्या घरी जेवायचं, दुपारी त्यांच्या वाडीत लोळायचं, संध्याकाळी जमलं तर वसईचा किल्ला. तीस-पस्तीस किलोमीटर होतील फार तर. कुठेही रेकॉर्ड मोडायचा नव्हता.

आता ‘वाडी’ म्हणजे काय ते आधी सांगतो, कारण डीबीएने पहिल्याच चहाला विचारलं, "वाडी म्हणजे गार्डन का?" हो आणि नाही. वसईत वाडी म्हणजे घराच्या मागची-पुढची बागायत. नारळ, सुपारी, केळी, पानवेल, फुलझाडं, मधल्या मोकळ्या जागेत भाजी, आणि या सगळ्याच्या मध्ये एक विहीर. बघायला बाग, हिशेबाला शेत. इथल्या एका अख्ख्या समाजाचं नाव वाडवळ आहे, त्यावरून काय ते समजा.

स्तूप स्टेशनपासून फार लांब नाही. बिल्डिंगा, गाळे, रिक्षांची रांग संपते न संपते तोच विटांचा एक मोठा उंचवटा दिसतो. लोक त्याला बुरुड राजाचा किल्ला म्हणायचे. बुरुड म्हणजे बांबूच्या टोपल्या विणणारा. एप्रिल १८८२मध्ये पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी तो उकरला तेव्हा आत दगडी पेटी मिळाली. पेटीत तांब्याचा करंडा, त्याच्या आत चांदीचा, असं करत करत शेवटी सोन्याचा. त्या शेवटच्या डबीत मातीच्या भांड्याच्या बारक्या खापऱ्या. बुद्धाच्या भिक्षापात्राच्या म्हणून कुणीतरी जपून ठेवलेल्या. सोबत सोन्याची फुलं, बुद्धाच्या छोट्या मूर्ती आणि यज्ञ सातकर्णीचं एक चांदीचं नाणं. रोज साडेआठच्या लोकलला लटकताना आपण ज्या गावाच्या नावाने ओळखले जातो, त्या गावाचं नाव ग्रीक भूगोलकारांच्या यादीत आहे, हे मला इंजिनियरिंग संपेपर्यंत माहीत नव्हतं. आमच्या वर्गात ‘नालासोपारा’ म्हटलं की लोक फक्त हसायचे.

पण मला खरी मजा वाटते ती स्तूपापेक्षा एका दगडाच्या तुकड्याची. त्याच वर्षी, १८८२मध्ये, सोपाऱ्याला भातेला तळ्याजवळ भगवानलालांना अशोकाच्या शिलालेखाचा एक तुकडा सापडला. अशोकाने एकूण चौदा मोठे लेख ठिकठिकाणी कोरवले. हा त्यातल्या आठव्याचा. आठव्या लेखात काय आहे माहितीये? पूर्वीचे राजे ‘विहारयात्रे’ला जायचे, शिकारी आणि तसल्या मौजा करायचे, मी मात्र राज्याभिषेकाला दहा वर्षं झाल्यावर संबोधीला गेलो आणि तेव्हापासून आमची धर्मयात्रा सुरू झाली. थोडक्यात, पिकनिक बंद! म्हणजे आमच्या नालासोपाऱ्यात सापडलेलं सगळ्यात जुनं सरकारी परिपत्रक हे सहलींच्या विरोधात आहे. हे मी स्तूपापाशी उभं राहून सांगितलं तेव्हा टेस्टर म्हणाला, "मग परत जाऊया? अजून झोपता येईल."

परत गेलो नाही. दुसरा एक तुकडा सापडला तो १९५६ साली, आणि तो सापडला भुईगावला, जिथे आम्ही जेवायला चाललो होतो. तो नवव्या लेखाचा. आजारपण, लग्न, मूल होणं, प्रवासाला निघणं, यासाठी लोक नाना विधी करतात. त्यापेक्षा नोकरचाकरांशी नीट वागा, गुरूंचा मान राखा, प्राण्यांच्या बाबतीत संयम ठेवा, असं काहीसं त्यात आहे. दोन्ही दगड मुंबईला गेले. बाकीचे बारा सापडलेले नाहीत. चौदाचा संच इथे असणार असं मानलं, तर त्यात दुसराही असणार. त्या दुसऱ्या लेखात राजा सांगतो की जिथे औषधी वनस्पती, कंदमुळं आणि फळं नव्हती तिथे ती आणून लावली, आणि रस्त्यांवर विहिरी खणवल्या, झाडं लावली. विहीर आणि बाहेरून आणून लावलेलं झाड. वाडीची व्याख्या याहून वेगळी काय आहे? वसईच्या वाड्या अशोकाने लावल्या असं मी अजिबात म्हणत नाहीये, कृपया उद्या कुठे फॉरवर्ड करू नका. पण हा विचार या किनाऱ्याला तेव्हापासून ऐकून माहीत होता एवढं म्हणायला हरकत नाही.

सोपाऱ्याच्या पश्चिमेला निघालं की पंधरा मिनिटांत जग बदलतं. हे ज्यांनी पाहिलं नाही त्यांना सांगून पटत नाही. आधी सातमजली बिल्डिंगा, मग गाळे, मग एक उघडा नाला, मग अचानक रस्ता अरुंद होतो, दोन्ही बाजूंना केळी येतात आणि हवा चक्क दोन अंशांनी गार लागते. वळणावर पांढरा क्रूस, त्याला झेंडूची माळ. पुढच्या वळणावर देऊळ, त्यालाही झेंडूची माळ. बहुतेक एकाच वाडीतली. पहाटे या गावांमधून फुलांच्या आणि भाजीच्या टोपल्या स्टेशनला जातात आणि तिथून लोकलने दादरला. मुंबईच्या पश्चिम रेल्वेवर लोकल सुरू झाली ती एप्रिल १८६७मध्ये, विरार ते बॅकबे, दिवसाला एक गाडी. आपण समजतो की विरार लोकल ही ऑफिसला जाणाऱ्यांसाठी जन्मली. पण त्या काळात विरार-वसईकडे मुंबईला रोज पाठवण्यासारखं होतं काय? भाजी, फुलं, पानं, केळी, दूध. आम्ही नंतर चढलो आणि टोपल्यांना म्हणतो, गर्दी करू नका.

निर्मळच्या तळ्यापाशी थांबलो. इथे कार्तिकात मोठी जत्रा भरते. डीबीएने रस्त्यावरच्या बाईंकडून पेरू घेतले आणि तिखटमीठ लावून खाताना आमचा एक खेळ सुरू झाला. या वाड्यांमधलं काय काय बाहेरून आलंय? पेरू, पोर्तुगीजांबरोबर, अमेरिकेतून. नावही त्यांच्याच भाषेतल्या नासपतीच्या नावावरून आलेलं म्हणतात. पपई, तेच. अननस, तेच. काजू, ब्राझीलचा. बटाटा, तोच शब्द जसाच्या तसा. पेरूवर टाकलेलं तिखटसुद्धा अमेरिकेचंच. "मग इथलं आहे काय?" डीबीए म्हणाली. इथलं आहे पाणी. हे उत्तर मी तेव्हा दिलं नाही, मला तेव्हा सुचलंच नव्हतं. ते दुपारी कळलं.

पोर्तुगीजांचं थोडक्यात उरकतो, कारण वसई म्हटलं की सगळे तेच सांगतात. गुजरातच्या सुलतान बहादुरशहाने डिसेंबर १५३४मध्ये वसई त्यांना देऊन टाकली. मागून हुमायून येत होता, मित्र हवा होता. मग दोनशे वर्षं वसई ही त्यांच्या उत्तरेकडच्या प्रांताची राजधानी. तेव्हा मुंबई हे वसईच्या हाताखालचं एक किरकोळ बेट होतं. १६६१ साली त्यांनी ते राजकन्येच्या लग्नात इंग्रजांना आंदण दिलं, वसई मात्र ठेवून घेतली. (आज वसईला कुणी ‘मुंबईच्या पुढे’ म्हणालं की मला हे सांगायची फार हुक्की येते.) गावंच्या गावं फिदाल्गो लोकांना ठरावीक साऱ्यावर लावून दिलेली. या साऱ्याला ‘फोरो’ म्हणत, मुंबईतल्या फोरास रोडच्या नावात तो अजून चिकटून आहे. मे १७३९मध्ये चिमाजी अप्पांनी किल्ला घेतला. १७८०मध्ये इंग्रजांनी घेतला, सालबाईच्या तहाने १७८२मध्ये परत दिला. ३१ डिसेंबर १८०२ला दुसऱ्या बाजीरावाने इथेच तो प्रसिद्ध तह केला आणि पेशवाई जवळजवळ लिहून दिली.

शाळेत हे सगळं पाठ केलं होतं. कधी लक्षात आलं नाही की या सगळ्या उलथापालथीत सारा घेणारा बदलत गेला आणि सारा देणारा तोच राहिला. बाप्तिस्मा झालेला असो वा नसो, सकाळी उठून विहिरीवर जाणारा माणूस तोच. सामवेदी ख्रिस्ती, ज्यांना कुपारीही म्हणतात, ते आणि शेजारचे सामवेदी ब्राह्मण यांच्या बोलीत आजही इतकं साम्य आहे की परक्याला फरक कळू नये. आम्हाला तर काहीच कळलं नाही. भुईगावकराच्या आजी कादोडीत बोलायला लागल्या तेव्हा मी आपला दर तिसऱ्या वाक्याला "हो ना" म्हणत होतो.

साडेदहाला भुईगावला पोचलो. भुईगावकर अंगणात उभा राहून घड्याळाकडे बघत होता. "चार तास? अंतर आठ किलोमीटर आहे." आम्ही पेरूंवर ढकललं.

त्यांची वाडी फार मोठी नाही. घराच्या मागे नारळाच्या दोन रांगा, त्यांच्या सावलीत सुपारी, आधाराच्या झाडांवर चढवलेली पानवेल, एका बाजूला केळी, कुंपणाला जास्वंद आणि तगर, आणि कोपऱ्यात सोनचाफा. उंच झाडं वर, मधली मध्ये, जमिनीलगत मुळा, कोथिंबीर, पालक. उन्हाचा एक कवडसा वाया जाऊ द्यायचा नाही असं ठरवून केलेली रचना. टेस्टर म्हणाला, "हे तर लेयर्ड आर्किटेक्चर आहे." मी त्याला गप्प बसवलं, पण चुकीचं बोलला नव्हता.

आजींनी सुकेळी दिली. ज्यांनी खाल्ली नाही त्यांच्यासाठी: राजेळी केळी पिकवायची, सोलायची आणि आठवडाभर कडक उन्हात वाळवायची. साखर नाही, तेल नाही, काही नाही. मधाच्या रंगाची होतात, चिवट, आणि गोडीला खजुराच्या जवळ जातात. महिनोन्महिने टिकतात. पूर्वी घरोघरी व्हायची. आता राजेळी लावणारेच कमी झालेत, कारण हे केळं वेळ घेतं आणि पाणी मागतं, आणि आठवडाभर उन्हापाशी बसून राखण कोण करणार?

मग विहीर बघायला गेलो. इथे जरा थांबतो, कारण माझ्यासाठी सगळा दिवस या विहिरीपाशी आहे.

गोल, दगडी, जुनी विहीर. कठड्याजवळ दोन उभे दगडी खांब उरलेत. "हा रहाट," भुईगावकर म्हणाला. म्हणजे रहाटाचा जो काही उरलाय तो. वर मोठं चाक, त्याच्यावरून खाली विहिरीत सोडलेली मडक्यांची माळ, आणि चाक फिरवायला गोल गोल चालणारा बैल नाहीतर रेडा. मडकं खाली रिकामं जातं, भरून वर येतं, पन्हळीत उपडं होतं, आणि पन्हळीतून पाटाने झाडाच्या आळ्यात. त्याच्या पणजोबांचा रेडा म्हणे डोळे बांधल्याशिवाय चालायचा नाही. आजींना त्याचं नावसुद्धा आठवत होतं.

पुढे ऑइल इंजिन आलं, मग विजेचा पंप. बटण दाबलं की पाणी. यात वाईट काय? काहीच नाही, मीही हेच म्हणालो. तेव्हा भुईगावकराने विहिरीच्या कठड्यावर खडूने एक चित्र काढलं. (बीएस्सी भूगर्भशास्त्र करून सॉफ्टवेअरमध्ये आलेला माणूस आहे. अशांची संख्या आपल्याकडे कमी नाही.)

वसईचा हा पश्चिमेचा पट्टा वाळूचा. एके काळी वसई खरोखरचं बेट होतं: दक्षिणेला वसईची खाडी, उत्तरेला वैतरणा, पश्चिमेला समुद्र आणि पूर्वेला सोपाऱ्याची खाडी. अशा वाळूत पावसाचं पाणी मुरतं आणि खालच्या खाऱ्या पाण्यावर तरंगत राहतं, कारण गोडं पाणी हलकं. खाऱ्याची घनता गोड्याच्या साधारण १.०२५ पट. फरक अडीच टक्क्यांचा, पण त्याचं गणित भयंकर आहे. घायबेन आणि हर्झबर्ग या दोघांनी, एकाने एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी आणि दुसऱ्याने विसाव्याच्या अगदी सुरुवातीला, स्वतंत्रपणे ते मांडलं. गोड्या पाण्याची पातळी समुद्रपातळीच्या वर जर एक मीटर असेल, तर खाली गोडं पाणी चाळीस मीटर खोलपर्यंत पुरतं. आता हे उलटं वाचा. वरची पातळी एक मीटर उतरवा, खालून खारं पाणी चाळीस मीटर वर येऊ शकतं. प्रत्यक्षात खाली खडक लागतो, थर वेगळे असतात, इतकं सरळ काही नसतं. पण दिशा हीच.

मी दोन मिनिटं त्या चित्राकडे बघत राहिलो. मग लक्षात आलं की रहाट म्हणजे काय ते. आमच्या कामात एखादी सर्व्हिस कोसळू नये म्हणून आम्ही तिच्यासमोर रेट लिमिटर बसवतो. मिनिटाला इतक्याच विनंत्या, त्याहून जास्त नाही, मग मागणारा कुणीही असो. रहाट तेच होता. माळेची लांबी ठरलेली, मडक्याचं माप ठरलेलं, आणि रेडा दमतो. वरचं पाणी थोडं थोडं काढायचं, दुपारी थांबायचं, विहिरीला भरायला वेळ द्यायचा. कुणी बसून हा हिशेब मांडला असेल असं नाही. पण शेकडो वर्षं हजारो विहिरींवर तो चालला आणि वाळूच्या पट्टीवर समुद्रापासून हाकेच्या अंतरावर गोड्या पाण्याची केळी पिकली. पंपाने लिमिटर काढून टाकला. काढताना कुणाला दिसलाही नाही, कारण तो लिमिटर आहे हे कुठल्या डॉक्युमेंटमध्ये लिहिलेलं नव्हतं.

दुसरी गोष्ट बावखल. वाडीच्या खालच्या अंगाला एक मोठा खड्डा होता, पाणी हिरवं, कडेला बगळा. मी समजलो डबकं. ते बावखल. मुद्दाम खणलेला उथळ तलाव, पावसाळ्यात भरतो आणि पुढचे महिने ते पाणी जमिनीत मुरत राहतं, आसपासच्या विहिरींना पुरतं. गावोगाव बावखलं होती. बरीचशी भरणी टाकून बुजली. सातबाऱ्यावर ती रिकामी जागाच दिसते ना.

जेवण झालं. (मेनू लिहीत नाही, जळाल.) दुपारी खाटेवर लोळताना मी सहज म्हणालो, "आमच्याकडे लहानपणी टँकर यायचा. काय मस्त गोडं पाणी असायचं त्याचं." भुईगावकर क्षणभर काही बोलला नाही. मग म्हणाला, "कुठून यायचं असेल?"

आमचं घर नालासोपारा पूर्वेला. आई-बाबांनी १९९६ साली घेतलं, कारण तेवढ्या पैशात पार्ल्यात बाथरूमही आलं नसतं. बिल्डिंगला नळ होता, नळाला पाणी नव्हतं. दोन दिवसांनी टँकर यायचा आणि सगळी बिल्डिंग ड्रम घेऊन खाली. लहान मुलांना तो सणच. टँकरचं पाणी टँकरमध्ये तयार होत नाही, हे इतक्या वर्षांत माझ्या डोक्यात आलं नव्हतं.

भुईगावकराने मग सांगितलं. नव्वदच्या दशकात या गावांमधल्या विहिरींवर मोठे पंप बसले आणि टँकर रांगेने भरून पूर्वेला जाऊ लागले. शेतीत वर्षभर मरून जे मिळत नव्हतं ते पाणी विकून मिळत होतं, त्यामुळे विकणारे गावातलेच होते. शेजारच्या विहिरी मात्र खालावल्या, काही खाऱ्या झाल्या. खारं पाणी आलं की आधी पानवेल जाते, ती फार नाजूक. मग केळीची पानं कडेने करपतात. त्याच्या आजीची पानवेल त्या वर्षांत दोनदा गेली. गावातल्या बायका टँकरसमोर रस्त्यावर बसल्या, आजी त्यांच्यात होत्या. आजी बाजूलाच मुळ्याच्या जुड्या बांधत होत्या, त्यांनी मान डोलावली आणि काहीतरी म्हणाल्या. मी "हो ना" म्हणालो नाही.

या लढ्याची ओळख बाहेर आहे ती ‘हरित वसई’ या नावाने. १९८०च्या दशकाच्या अखेरीस सरकारने इथल्या हिरव्या पट्ट्यातली जमीन बांधकामाला खुली करायला घेतली, आणि फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या पुढाकाराने हरित वसई संरक्षण समिती उभी राहिली. दिब्रिटो जन्माने जवळच्याच नंदाखालचे. ‘सुवार्ता’ मासिकाचे वर्षानुवर्षं संपादक, मराठीत ‘सुबोध बायबल’ करणारे, २०२०च्या उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष. २०२४मध्ये ते गेले. एका कॅथलिक धर्मगुरूच्या मागे सगळ्या जातिधर्मांचे वाडीवाले चालले, कारण विहिरीचा धर्म एकच. बिल्डर आणि गुंड या दोघांशी एकाच वेळी भांडणं त्या काळच्या वसई-विरारमध्ये काय होतं, हे इथे वाढलेल्यांना सांगायला नको.

जिंकले का? अर्धं. पश्चिमेचा पट्टा अजून हिरवा आहे, आम्ही त्यातूनच सायकल चालवत आलो. बाकी सगळीकडे शहर झालं. २०११च्या जनगणनेत वसई-विरार बारा लाखांवर गेलं होतं. जुलै २००९मध्ये चार नगरपालिका आणि त्रेपन्न ग्रामपंचायती मिळून महानगरपालिका झाली तेव्हा गावांनी पुन्हा आंदोलन केलं, आणि एकोणतीस गावं आत की बाहेर हा वाद पुढे दहा वर्षांहून जास्त कोर्टात राहिला. पूर्वेच्या खाजणांवर भरणी पडली. जुलै २०१८च्या पावसात नालासोपाऱ्याला रुळांवर पाणी चढून गाड्या बंद पडल्या, आमच्या तळमजल्यावर गुडघाभर पाणी होतं. सोपाऱ्याची खाडी भरून टाकली म्हणून पाण्याला ती विसरता येत नाही.

मला तिथे खाटेवर अपराधी वाटायला लागलं होतं, आणि थोडा रागही येत होता. आम्ही काय करायचं होतं? प्यायचं नाही? पार्ल्यातून बाहेर पडलेल्यांना कुठेतरी राहायचं होतंच. भुईगावकर म्हणाला, "तुझ्या आईवर कोण चिडलंय? तुमच्याकडे नळ द्यायला हवा होता तो ज्यांनी दिला नाही, त्यांनी तुम्हाला आमच्या विहिरीवर सोडलं." आता आमच्याकडे सूर्या नदीवरच्या धामणी धरणाचं पाणी येतं. ते धरणही मुळात शेतीसाठी, तिकडच्या आदिवासी शेतकऱ्यांसाठी बांधलेलं, आणि ते शेतकरी आमच्या नळाविरुद्ध आंदोलन करत आलेत. म्हणजे विहीर बदलली, गोष्ट तीच आहे. हे मी बोललो तेव्हा टेस्टर म्हणाला, "बग फिक्स नाही केला, दुसऱ्या मॉड्यूलमध्ये ढकलला." त्या दिवसातलं त्याचं सगळ्यात शहाणं वाक्य.

अजून एक गोष्ट तिथे दिसली ती लिहून ठेवतो. वाडीचं कौतुक करताना आपण मालकाचं करतो. त्या दुपारी केळीची पिलं उपटत होती ती दोन माणसं पूर्वेकडच्या पाड्यावरून आलेली होती. भुईगावकर स्वतः आठवड्यातले पाच दिवस गोरेगावला लॅपटॉपसमोर असतो, त्याचा भाऊ परदेशात. काकांनी त्यांच्या हिश्शाची वाडी विकली, तिथे आता वीकएंडला भाड्याने देतात तो बंगला आहे, निळा स्विमिंग पूल असलेला. त्यात पाणी कुठलं, हे आम्ही विचारलं नाही. "तू वाडी ठेवशील?" डीबीएने विचारलं. "आजी आहे तोवर विचारू नकोस," तो म्हणाला.

चारला निघालो. गिरीजमार्गे वसईगावात, तिथून किल्ला. किल्ल्याबद्दल लिहिणार नाही, फोटो सगळ्यांनी पाहिलेत. वडाची मुळं घातलेल्या चर्चच्या भिंती, प्री-वेडिंगवाले, आणि मावळतीचं ऊन. इथल्या घंटा मराठ्यांनी नेल्या आणि देवळांना दिल्या, नाशिकच्या नारोशंकराच्या देवळातली त्यातलीच. घंटांचा माग लोकांनी काढलाय. मडक्यांच्या माळा कुठे गेल्या ते कुणी शोधत नाही, आणि मातीच्याच त्या, सापडणार तरी काय.

वसई रोडवरून सायकली मालडब्यात घालून घरी आलो. आईला सुकेळी दिली आणि विचारलं, "आपला टँकर कुठून यायचा गं?"

"गावाकडून," ती म्हणाली. "ड्रायव्हर एवढंच सांगायचा. मधले काही दिवस यायचाच नाही, गावातल्या बायका अडवतात म्हणायचा. आम्ही इतक्या शिव्या घातल्यात त्या बायकांना." मग सुकेळीचा तुकडा तोंडात टाकून जरा वेळ चघळत बसली. "नंतर नंतर पाणी मचूळ यायला लागलं होतं ते. डाळ शिजायची नाही त्यात."

एक सुकेळी तिने बाबांसाठी काढून ठेवली, आणि बाकीची डब्यात भरली.